वन्संची खोली

"कान झाक गं त्याचे, वारं सुटलंय," असं म्हणत त्या बाईनं अनिमेषचं टोपडं खाली ओढलं आणि चेतना काही बोलायच्या आत त्याच हातानं त्याच्या कानाची पाळी हळूच चिमटीत धरून म्हणाली, "अण्णांचे कान आलेत की." एवढंच. मग तिनं मायाक्काच्या गाड्यावरची कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि रस्त्याच्या अगदी कडेकडेनं, एखाद्या भिंतीला धरून चालावं तशी, पाण्याच्या टाकीच्या बाजूला निघून गेली. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. सकाळच्या उन्हातही हवेत एक कोरडी धार होती, आणि चेतनाच्या खांद्यावर मान टाकलेलं लेकरू त्या अनोळखी बोटांना हसून अजून त्या दिशेनं बघत होतं. अण्णा म्हणजे तिचे सासरे. अनिमेषच्या जन्माआधीच गेलेले. त्यांच्यामागं जुन्या गावातलं भाड्याचं घर सोडून ही मंडळी शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात राहायला आली होती. इथं अण्णांना पाहिलेलं एकही माणूस नव्हतं, मग त्यांचे कान कोण ओळखणार? वरून पान दुमडावं तसे ते कान. दवाखान्यात बाळ हातात घेतल्या घेतल्या सासूबाई हेच वाक्य बोलल्या होत्या, शब्दन् शब्द. "कोण हो मायाक्का त्या?" तिनं विचारलं. मायाक्का वांग्यांवर पाणी मारत होती. "ती व्हय? टाकीपाशी बिल्डिंग न्हाय का, तितं एका संस्थेनं खोल्या घेतल्यात. रस्त्यावर, टेसनावर ऱ्हाणाऱ्या बायका दवाखान्यातनं बऱ्या झाल्या की तितं ठिवत्यात. आपल्या आपण करून खात्यात. लोक म्हणत्यात येड्या हायत. आता ही बघा, जुडी सोडून बघती आत पिवळी पानं हायत का. मलाच शाणपन शिकवती, येडी कसली!" ती हसली. "नाव बी लई ठसक्यात सांगती. रुक्मिणी मंद्रूपकर."

मंद्रूपकर. चेतनाच्या दारावर पितळी अक्षरांत हेच लिहिलं होतं, आणि या सगळ्या कॉलनीत दुसरं कुठलं मंद्रूपकरांचं घर नव्हतं. मायाक्काला चेतनाचं आडनाव ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी चेतना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची बाळाची आई. तिला ठाऊक नाही याचं आपल्याला बरं वाटलं, हे चेतनाच्या जिना चढताना लक्षात आलं. पहिल्या मजल्यापर्यंत ते नुसतंच बरं वाटणं होतं, तिसऱ्यापर्यंत त्याचा घाम झाला होता. घरात शिरल्यावर तिनं आधी भिंतीकडं पाहिलं. अण्णांच्या फोटोशेजारी तो दुसरा फोटो, चंदनाच्या हारातला. मधोमध भांग, किंचित पुढं आलेला वरचा ओठ, बालवाडीत शिकवायला लागल्यावर काढून घेतलेला. लग्न होऊन आल्यापासून ती तो फोटो पुसत आली होती. पुसताना काचेतल्या चेहऱ्यापेक्षा हाराच्या मण्यांत अडकलेल्या धुळीकडंच तिचं लक्ष असायचं. हृषीकेशची मोठी बहीण, वारलेली. कशानं, हे तिनं एकदा विचारलं होतं आणि हृषीकेश म्हणाला होता, "आजारी होती." त्या उत्तराला पुढं दार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही ते ढकलून पाहिलं नव्हतं.

तिला बघायला आले तो दिवस आठवला. बार्शीच्या घरातली सतरंजी, पोह्यांवरचं ओलं खोबरं, आणि तिच्या बाबांचं ते नेहमीचं घसा खाकरणं. बाबा पोस्टातले, माणसाला दुखावेल असा प्रश्न ते कधी सरळ विचारत नसत. "घरात तसं कुणाला काही... म्हणजे दुखणं-बिखणं?" असं म्हणून त्यांनी कपाळाजवळ दोन बोटं नेली आणि लगेच डोकं खाजवल्यासारखं केलं. त्यांच्या कानावर काही आलं असणार. सासूबाई म्हणाल्या, "एक मुलगी होती. ती नाही आता." बाबांनी अरेरे केलं आणि बशी उचलली. अण्णा मात्र कप तसाच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतल्या खोलीत दाराच्या फटीतून ऐकणाऱ्या चेतनाच्या मैत्रिणीनं तिला चिमटा काढला होता. "नणंद नाही. मजा आहे बाई तुझी." आणि चेतना हसली होती. तोंडावर ओढणी धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खांदे हलवत हसली होती. ते हसू आता इतक्या वर्षांनी घशात उलटं आलं.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून मटकी निवडत होत्या. चेतनानं सांगितलं ते त्यांनी मान वर न करता ऐकलं. बोटं थांबली नाहीत, फक्त चांगली मटकी खड्यांच्या बाजूला जाऊ लागली. "टोपडं ओढलं का तिनं?" त्यांनी विचारलं. "हृषीकेशचंही असंच ओढायची. बाहेर निघाला की पळत यायची मागं." आणि मग सगळं एकदम. बोलताना त्या चेतनाशी बोलत नव्हत्या, ताटाशी बोलत होत्या. आधी झोप गेली, मग बालवाडीतल्या मुलांच्या डब्यात कुणी विष घालतंय म्हणून ती डबे रस्त्यावर ओतायला लागली. देव झाले, डॉक्टर झाले, कोंडून ठेवणं झालं. एका दुपारी कडी घालायची राहिली. अण्णांनी तेव्हा गुलबर्ग्यापासून पुण्यापर्यंत स्टेशनं पालथी घातली. "मग तुझं स्थळ आलं. हृषीकेशचं वय वाढत होतं, दोन ठिकाणी तिच्यापायीच मोडलं होतं. तुझ्या वडिलांसमोर तोंडातून निघून गेलं माझ्या, नाही आता. निघून गेलं ते गेलं. मग ते खरं करावं लागलं." माणूस बेपत्ता झालं तर बारा वर्षं वाट बघायची आणि मग विधी करायचा, असं शास्त्र. "आम्ही नाही बघितली. गुरुजींनी वाट काढून दिली. कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर गेलो. पळसाच्या पानांचं माणूस करतात, हात, पाय, पोट सगळं पानांचं. डोक्याच्या जागी नारळ. ते जाळायचं. दरवर्षी मग पाणी द्यायचं. अण्णा आले नाहीत. हृषीकेशनं अग्नी दिला."

पानांचं माणूस. चेतनाच्या डोळ्यांपुढं ते स्पष्ट उभं राहिलं, हिरवं, दोऱ्यानं बांधलेलं, जळताना ओल्या पानांचा होतो तसा फुसफुस आवाज करणारं. पुढच्याच महिन्यात तिचं लग्न झालं होतं. त्या दिवशी तिच्या अंगाला हळद लागली तेव्हा हृषीकेशच्या बोटांना राखेचा वास असेल का? पाळण्यात अनिमेष कुरकुरला आणि तिची छाती भरून आली, ब्लाउजवर दोन ओले डाग पसरले. शरीराला कशाचीच लाज नसते. घरात कुणीतरी मेलेलं उठून बसलंय आणि याला दूध फुटतंय. पदर सारखा करत तिनं विचारलं, "मग आता आणू या ना घरी?" आपल्या आवाजात प्रश्नापेक्षा भीती जास्त आहे हे तिला ऐकू आलं. सासूबाई पहिल्यांदाच वर बघत म्हणाल्या, "दवाखान्यातून फोन आला होता, अण्णा गेल्यावर. तेव्हाच गुरुजींना विचारलं मी, कुणा दुसऱ्याचं म्हणून. ते म्हणाले, ज्याचं क्रियाकर्म झालं ते माणूस परत आलं तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपाच्या कुंभात बुडवून काढायचं, न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं, सगळं पहिल्यापासून. एवढ्या मोठ्या बाईला मी पाळण्यात घालू का चेतना? आणि चार लोकांना बोलावून सांगू काय?" चेतनाला हसू फुटलं. खरोखर फुटलं, आवाजासकट. आणि सासूबाईही हसल्या. दोघी क्षणभर त्या पाळण्यातल्या मोठ्या बाईला हसल्या, आणि मग सासूबाईंनी मटकीचं ताट पुढं ढकललं आणि तोंडावर पदर घेतला.

हृषीकेश संध्याकाळी कॉलेजातून आला तेव्हा त्याला नवं असं काही सांगावं लागलं नाही. फोन त्यानंच घेतला होता. बहीण टाकीपाशी राहते हेही त्याला माहीत होतं. महिनाभर तो म्हणूनच स्कूटर लांबच्या रस्त्यानं आणत होता. "मी काय करू सांग," तो पाय धूत म्हणाला, "तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं म्हणजे... मी स्वतः काडी लावलीय." तो वाईट माणूस नव्हता. बाळाचे लंगोट धुणारा, रात्रीचं उठणारा माणूस. त्याचा राग येईना म्हणून चेतनाला स्वतःचा आला. मग सासूबाईंनीच मार्ग काढला, आणि तो मार्ग तिच्या पायांखालून जात होता. "तू जा. तू तिला कधी बघितलेलं नाहीस, तुला सोपं जाईल. काय हवं-नको ते विचार, ते आपण गुपचूप पोचवू. फक्त तेवढं आडनाव सांगत फिरू नकोस म्हणावं. आज भाजीवालीला सांगितलं, उद्या सगळ्या कॉलनीला सांगेल. तुझ्या बाबांना आपण काय सांगितलंय, विसरू नको." सोपं जाईल. तिनं नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणायची तयारी म्हणून तिनं श्वासही घेतला, आणि तो श्वास "बरं" होऊन बाहेर आला. बाबांचा चेहरा दिसला होता तिला, कपाळाजवळ नेलेली ती दोन बोटं, आणि त्या बोटांखाली आता पाळण्यातलं तिचं लेकरू.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई आडव्या झाल्यावर, अनिमेषला दुपट्यात गुंडाळून ती निघाली. काय हाक मारायची? ताई म्हणावं तर ते दुकानात, बसमध्ये कुणालाही म्हणतो. तिची आई नणंदेला, म्हणजे तिच्या आत्याला, 'वन्सं' म्हणायची, अर्ध्या लाडानं, अर्ध्या धाकानं. चेतनाला तो शब्द कधी वापरावाच लागला नव्हता. मैत्रिणीनं म्हटलेली मजा ती हीच. बिल्डिंग साधी होती, खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्यात सायकली, दारादारांत रांगोळ्या. तिनं कल्पिलेलं पत्र्याचं फाटक, लांबच लांब खोली, ओळीनं खाटा, असलं काही नव्हतं. दार उघडणारी मुलगी तिच्याच वयाची, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. चेतनानं रुक्मिणीचं नाव घेतलं. "मी दानेश्वरी. या की आत. अक्कांकडं आलाव? कोण म्हणून सांगू?" चेतना म्हणाली, "ओळखीची." म्हणताना तिनं बाळाचं डोकं उगाच सारखं केलं. दानेश्वरीला आनंद झाला होता. "लई बरं झालं. अक्कांकडं कुणीच येत नाही बघा. इथं दोघी दोघी राहतात, आपापली खोली, आपली किल्ली, आपला स्वयंपाक. मी रोज चक्कर मारते, गोळ्या घेतल्या का बघते, बँकेत-दवाखान्यात नेते. बाकी त्यांचं घर आहे. आधी घर, मग बाकीचं जमतं हो माणसाला." मग तिनं आतल्या दाराशी हाक दिली, "अक्का, कोण आलंय बघा!" आणि शेजारच्या बाईच्या गोळ्या आणायला ती जिना उतरून गेली.

रुक्मिणी दारात आली. फोटोतला वरचा ओठ, पण खाली दोन दात नव्हते, आणि भांग मधोमधच, पांढरा. "वन्सं," चेतनाच्या तोंडून गेलं. ठरवलेलं नव्हतं. रुक्मिणीनं मान तिरकी केली, लांबून येणाऱ्या रिक्षाचा आवाज ओळखावा तशी. "काय म्हणालीस? परत म्हण की." चेतनानं परत म्हटलं. तेवढ्यानं ती बाई इतकी खूश झाली की तिला काय करावं सुचेना. तिनं पंखा लावला, थंडी आहे म्हणून बंद केला, खुर्चीवरची घडी घातलेली साडी उचलून परत तिथंच ठेवली. खोली लहान, स्वच्छ. खाट, एक शेगडी, खिडकीत तुळस नव्हे तर डब्यात लावलेला ओवा. "काल बघितलं तुला, तेव्हाच कळलं. हृषीकेश तुला स्कूटरवरून नेतो, ते गच्चीवरून दिसतं. पण म्हटलं आपण होऊन नको. घाबरशील." ती बाळाकडं बघत होती, हात मात्र पाठीमागं बांधून. "नाव काय ठेवलंत? कानात कुणी सांगितलं?" आत्यानं सांगायचं असतं. अकलूजच्या चुलत आत्याला आणलं होतं, असं चेतनानं सांगितलं. "सुमन होय? तिला कुर्र तरी नीट करता येतं का? नुसती थुंकते कानात." आणि ती हसली, तोंडावर हात धरून, दात नव्हते तिथं.

मग ती खाटेच्या कडेला टेकली आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आईनं माझं सगळं केलं म्हणे संगमावर. दवाखान्यातून फोन केला होता तिथल्या बाईंनी, तेव्हा हृषीकेशनं सांगितलं त्यांना. नारळ ठेवला असेल ना डोक्याच्या जागी? चांगला होता का? आईला नारळ पारखता येत नाही, नेहमी कुजका आणते. मी रागावले नाही गं. माझं डोकं तेव्हा खरंच कुजक्या नारळासारखं होतं. हलवलं की आत नुसतं खुळखुळ. दवाखान्यात मला सोलापूरवाली म्हणायचे. औषधाला बोलावताना, जेवायला बोलावताना, ए सोलापूरवाली. नाव आठवलं होतं, आडनाव आठवेना. 'मं' आठवायचा, पुढचं नाही. मंगळवेढेकर म्हणून बघायची, मंगरूळकर म्हणून बघायची, जिभेला लागायचंच नाही. लोक झोपले की मी तेच करत बसायची. डॉक्टर म्हणायचे राहू दे, काय अडलंय. आणि एकदा ताट धुताना आलं. मंद्रूपकर. राख तशीच हाताला, मी सगळ्या वॉर्डात सांगत फिरले. आता विचारो न विचारो, सांगून टाकते. परत गेलं तर?"

इथं थांबता आलं असतं. उठून, बाळाला त्या पाठीमागं बांधलेल्या हातांत देऊन, घरी जाऊन, मी नाही सांगितलं म्हणता आलं असतं. चेतनाला ते सगळं दिसत होतं, आणि त्याच वेळी ती आपलाच आवाज ऐकत होती, मऊ, समजूतदार, बाळाला औषध पाजतानाचा. "आई म्हणत होत्या... तुम्हाला काय लागेल ते आम्ही पोचवू. फक्त इथं, कॉलनीत... नुसतं रुक्मिणी सांगितलंत तर. लोक विचारतात हो. माझ्या माहेरीही..." वाक्यं शेपटाकडून गळत गेली. खाली झेरॉक्सचं यंत्र घुर्र करून थांबलं. रुक्मिणीनं तिच्याकडं बघितलं नाही. अंगठ्याच्या नखानं ती चादरीवरची एक सुटलेली टीप आत ढकलत होती, पुन्हा पुन्हा, टीप आत जाऊन पुन्हा वर येत होती. "बरं," ती म्हणाली. मग, खरोखरच अडचण पडल्यासारखं, "आणि आडनाव काय म्हणून विचारलं तर? काहीतरी सांगावं लागतं की. सोलापूरवाली म्हणून चालणार नाही," रुक्मिणी म्हणाली, "इथं सगळेच सोलापूरचे." हे ती गमतीनं म्हणाली का, ते चेतनाला कळलं नाही. आपल्या छातीवरचं काहीतरी उतरलं, काम झालं, हे मात्र तिला कळलं, आणि ते कळल्याबरोबर तिच्या कानांच्या पाळ्या भाजल्या.

अनिमेष रडायला लागला. आधी कुरकुर, मग गाल लाल करून, श्वास कोंडून. भुकेचं रडणं. चेतना उठली. "निघते मी," ती म्हणाली. "असा नेणार होय त्याला?" रुक्मिणीचा आवाज एकदम मोठ्या बहिणीचा झाला. "बस. खाटेवर बस की. गादी स्वच्छ आहे, कालच ऊन दाखवलंय. उशी घे मांडीवर." तिनं उशी आणून ठेवली, खिडकीचा पडदा ओढला, आणि मग स्वतः बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. चेतनानं हुक काढले. बाळानं धडपडत तोंड लावलं आणि खोली एकदम शांत झाली. परक्या खाटेवर, परक्या उशीला टेकून ती बसली होती. उशीला साबणाचा आणि कसल्यातरी तेलाचा वास होता. दाराखालच्या फटीतून तिला दोन सावल्या दिसत होत्या, पावलांच्या. रुक्मिणी दाराला पाठ लावून राखणीला उभी होती.

जिन्यावर चपला वाजल्या, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. "काय वो रुक्मिणीबाई, भाईर का उभारलाव?" शेजारची कुणीतरी, अक्कलकोटकडचा हेल. "तुमचीच खोली आणि तुमीच भाईर? आत कोण आलंय? पावणे काय?" चेतनानं पदर बाळावर ओढला. आता ती सांगेल. भावजय म्हणेल, भाचा म्हणेल. सांगू नये, असं तिला अगदी पोटातून वाटलं. सांगावं, असं त्याच्याही खालून कुठूनतरी वाटलं, आणि त्या दोन्ही इच्छा एकमेकींत अडकून तिथंच उभ्या राहिल्या. बाळ गटगट पीत होतं.

"पावणे नाहीत, महादेवीबाई," बाहेर रुक्मिणीचा आवाज आला, अगदी साधा. "रस्त्यानं चालली होती कुणी बाई. लेकरू रडायला लागलं. बसायला जागा नव्हती तिला."

"कुणाची कोण म्हणायची?"

"मी नाही विचारलं."

"बरं केलाव. भुकेचं लेकरू म्हणल्यावर काय विचारायचं," असं म्हणत ती बाई पिशवी उचलून वर गेली. चपलांचा आवाज विरला. दाराखालच्या सावल्या हलल्या नाहीत. अनिमेषचं तोंड हळूहळू सैल पडलं, मूठ उघडली, हनुवटीवर दुधाचा एक थेंब ठेवून तो झोपी गेला. आता हुक लावायचे, उठायचं, दार उघडायचं, आणि त्या दारात उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडं बघायचं. चेतना तशीच बसून राहिली. मग तिनं झोपलेल्या बाळाला अलगद उचललं आणि पाजायला दुसऱ्या बाजूला घेतलं.